तान्ह्या बाळाचे सुख आणि घरच्यांचे काम

गळिताचा हंगाम आणि थंडी आपल्याकडे एकाच वेळी येतात. उमरखेड, महागाव, पुसदकडच्या शिवारात पहाटे गार वारा सुटलेला असतो, उसाच्या गाड्या रस्त्याला लागलेल्या असतात, आणि घरातली कर्ती माणसे तोडणी, टोळी, स्लिप आणि वजनकाटा यांच्या मागे असतात. याच दिवसांत पुष्कळ सभासदांच्या घरी पाळणाही हलत असतो. लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली असते, किंवा सून नुकतीच दवाखान्यातून घरी आलेली असते. बेणे, खत आणि पाण्याच्या पाळ्या यांविषयी या पानांतून आम्ही नेहमीच लिहितो. या वेळी बेण्याहून कितीतरी नाजूक अशा जिवाविषयी चार शब्द लिहीत आहोत.

"बाळंतिणीचं बायकाच पाहतीन, आपल्याले त्यातलं काय कळते?" असे म्हणून पुरुष मंडळी ओसरीवर जाऊन बसतात. सभासद बंधूंनो, हा लेख तुमच्यासाठीही आहे. बाळाच्या सुखाची खरी जागा म्हणजे आईची कूस. ती जागा उबदार, स्वच्छ आणि निवांत ठेवणे हे आजीचे, आजोबांचे, बापाचे, थोडक्यात सगळ्या घराचे काम आहे. त्याला पैसा फार लागत नाही. लक्ष मात्र लागते.

आधी ऊब

आईच्या पोटात बाळ नऊ महिने एकसारख्या उबेत असते. बाहेर येते ते ओल्या अंगाने. मोठ्या माणसाला थंडी वाजली की तो कुडकुडतो आणि त्या थरथरण्यातून अंगात ऊब तयार होते. तान्ह्या बाळाला असे कुडकुडता येत नाही. मानेच्या आणि खांद्यांच्या भागातल्या खास चरबीतून ते थोडी ऊब काढते, पण ती शिल्लक लवकर संपते. अडीच किलोपेक्षा कमी वजनाच्या किंवा दिवस भरण्याआधी जन्मलेल्या लेकराजवळ तर ती मुळातच थोडी असते. गारठलेले बाळ आधी दूध ओढायचे कमी करते. दूध कमी झाले की आणखी गारठते. मग ते पडून राहते आणि घरचे म्हणतात, "किती गुणाचं लेकरू, रडतच नाही!" असले गुण भिववणारे असतात, हे ध्यानात ठेवावे.

बाळाच्या अंगाची ऊब साधारण साडेछत्तीस ते साडेसदतीस अंश सेल्सिअस असावी. घरात थर्मामीटर नसला तरी अडत नाही. आपल्या हाताची मागची बाजू आधी बाळाच्या पोटाला लावा, मग तळपायाला. पोट आणि पाय दोन्ही कोमट लागले तर बाळ सुखात आहे. पोट कोमट पण पाय गार असतील तर बाळाला थंडी वाजते आहे, लगेच ऊब द्या. पोटही गार लागले तर ती धोक्याची खूण समजा. ही परीक्षा आजोबालाही करता येते, आणि बापाने तर दिवसातून दोनदा करावी.

ऊब द्यायची कशी? डोक्याला टोपडे हवेच, कारण बाळाचे डोके अंगाच्या मानाने मोठे आणि ऊब तिथूनच फार जाते. सुती झबले, पायमोजे, वरून दुपटे. लंगोट ओला झाला की तत्काळ बदलावा. खोलीत थेट वारा नको. बाळाला आईजवळ निजवावे. दवाखान्यातून आल्या आल्या "आज न्हाऊ घालू" अशी घाई करू नये. जन्मानंतर पहिले चोवीस तास तरी अंघोळ टाळायची असते, आणि कमी वजनाच्या बाळाला डॉक्टर किंवा आशाताई हो म्हणेपर्यंत कोमट फडक्याने पुसून घेणेच बरे.

आपल्याकडे बाजेखाली शेगडी ठेवण्याची चाल आहे. हेतू उबेचाच असतो. पण दारे-खिडक्या लावलेल्या खोलीत कोळसा किंवा गोवऱ्या धुमसत राहिल्या तर त्यातून निघणारा विषारी वायू डोळ्यांना दिसत नाही की नाकाला कळत नाही. बाळाची छाती लहान, धुराने ती लवकर भरते. ओवा-बाळंतशेपाच्या धुरीचेही तेच. शेक द्यायचाच तर आईला गरम पाण्याच्या पिशवीने द्यावा. बाळाच्या खोलीत धूर नको.

उन्हाळ्यात मात्र गणित उलटे होते. मे महिन्यात आपल्या जिल्ह्यात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसपर्यंत चढतो. तेव्हाही काही घरांत कुंची, दुपटे आणि गोधडी घालून बाळ गुंडाळलेले असते. अंग तापते, तोंड कोरडे पडते, लघवी कमी होते. अशा वेळी जाडजूड कपडे काढावेत, खोली हवेशीर ठेवावी, आणि अंगावर वारंवार पाजावे. पाणी पाजू नये. आईच्या दुधात बहुतेक भाग पाण्याचाच असतो, बाळाची तहान त्याने भागते. कपडे कमी करूनही ताप उतरला नाही, किंवा बाळ मलूल वाटले, तर घरी थांबू नये.

छातीशी धरलेले बाळ

कमी वजनाच्या लेकरासाठी एक साधा उपाय साऱ्या जगात मान्य झाला आहे. १९७८ मध्ये दक्षिण अमेरिकेतल्या कोलंबिया देशात, बोगोटा शहरी, दवाखान्यात ऊब देणाऱ्या पेट्या पुरत नव्हत्या. तिथल्या डॉक्टर एडगर रे यांनी आयांना सांगितले की बाळ उघड्या अंगाने आपल्या छातीशी धरून ठेवा. कांगारू हा प्राणी पिल्लाला पोटाच्या पिशवीत बाळगतो, त्यावरून याला कांगारू पद्धत म्हणू लागले. पुढे आपल्या देशासह घाना, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया या देशांत जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने याची मोठी पाहणी झाली. कमी वजनाच्या बाळांना जन्मल्या जन्मल्या असे छातीशी धरले तर त्यांच्यातले मृत्यू सुमारे एक चतुर्थांशाने कमी होतात, असे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दिसले.

रीत अशी. बाळाला फक्त लंगोट, टोपडे आणि मोजे घालावेत. आईच्या दोन स्तनांच्या मधोमध त्याला उभे धरावे, मान एका बाजूला वळलेली, नाक मोकळे. वरून पदराने किंवा मऊ लुगड्याने दोघांना मिळून बांधावे, आणि थंडीत त्यावर शाल घ्यावी. एका वेळी तासभर तरी ठेवावे, आणि दिवसभरात जितका वेळ जमेल तितके चांगले. आई जेवायला किंवा अंघोळीला गेली तर बापाने बसावे. बापाच्या छातीलाही तेवढीच ऊब असते. शेअर्स आपल्या नावावर आहेत म्हणून वार्षिक सभेला आपण आवर्जून जातो. लेकरूही आपल्याच नावाचे आहे!

चीक टाकून देऊ नका

गाय व्याली की वासराला आपण आधी चीक पाजतो. न पाजलेले वासरू अशक्त राहते, हे गुराख्याच्या पोरालाही ठाऊक असते. मग आपल्याच सुनेचे पहिले पिवळसर दूध "जड असते, नासके असते" म्हणून पिळून का टाकायचे? रोगाशी लढण्याची पहिली शिदोरी त्या चिकातच असते. जन्मानंतर पहिल्या तासाभरात बाळ छातीला लागले पाहिजे. पहिल्या दोन दिवसांत दूध थोडे येते, पण बाळाचे पोटही तेवढेच लहान असते. म्हणून मध, साखरेचे पाणी, गाईचे दूध वा गुटी यांपैकी काहीही नको. सहा महिने फक्त अंगावरचे दूध.

मधाविषयी मुद्दाम सांगतो. मध गुणकारी खरा, पण त्यात कधी कधी असे जंतू असतात की तान्ह्या बाळाच्या आतड्यात ते वाढून विष तयार करतात आणि लेकरू लुळे पडते. म्हणून वर्षाच्या आत मधाचे बोटही नको.

दूध पुरते की नाही हे कसे ओळखावे? आठवडाभराचे बाळ दिवस-रात्रीत सहा-आठ वेळा लघवी करत असेल, दूध पिऊन निवांत झोपत असेल, तर दूध पुरते आहे. पहिल्या आठवड्यात वजन थोडे घटते, घाबरू नये. साधारण दहा ते चौदा दिवसांत ते जन्माच्या वजनावर परत येते. बाळंतिणीला मात्र "पाणी कमी पी, भाजी नको, फळ नको" असे पथ्य लावू नये. डिंक-अळिवाचे लाडू द्या, तूप द्या, सोबत भाकर, वरण, पालेभाजी आणि पोटभर पाणीही द्या. उसाला पाण्याची पाळी चुकवून उतारा मागणारा शेतकरी आम्ही अजून पाहिला नाही!

रडते कशाने?

"काहून रडते वं हे?" हा प्रश्न रात्री दोन वाजता प्रत्येक घरात विचारला जातो. रडणे ही बाळाची एकमेव भाषा आहे. क्रमाने पाहत जावे. भूक लागली का? लंगोट ओला आहे का? गार वाजते की उकडते? पाजल्यावर खांद्यावर घेऊन पाठ थोपटून ढेकर काढली का? कपड्याची गाठ, मुंगी किंवा चिलट काही टोचत, चावत नाही ना? सगळे ठीक असूनही रडत असेल तर त्याला केवळ जवळ घ्यायचे असते. उचलून छातीशी धरावे, हळू झुलवावे, आजीने आपल्या सुरात अंगाई म्हणावी. "कडेवर घेऊन लाडावते" ही भीती या वयात फुकटची आहे. दीड महिन्याच्या सुमारास संध्याकाळचे रडणे सर्वांत वाढते आणि तीन-चार महिन्यांत आपोआप ओसरते. तोवर घरच्यांनी पाळी लावून बाळ घ्यावे, म्हणजे आईला सलग दोन-तीन तास झोप मिळेल. कितीही वैताग आला तरी बाळाला गदागदा हलवू नये.

रडणे बंद करायला काही चाटवण्याची वाट धोक्याची आहे. शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या गिरण्यांत कामाला जाणाऱ्या आया अफूची 'बाळागोळी' देऊन लेकराला निजवत. त्या बिचाऱ्यांना रजा नव्हती, सांभाळणारे कोणी नव्हते. १९२९ मध्ये मुंबई इलाख्यात बाळंतपणाच्या रजेचा कायदा झाला, त्यामागे गिरणीतल्या अशाच आयांचे हाल होते. आज अफू गेली, पण जायफळ उगाळून जास्त देणे, दुकानातून झोपेचे औषध आणणे हे प्रकार अजून कानावर येतात. गुंगीत पडलेले लेकरू सुखात नसते. त्याचा श्वास मंदावतो आणि दूध सुटते.

जुने ठेवावे काय, सोडावे काय

आमच्या आज्या-पणज्यांनी पुष्कळ चांगले दिले आहे. सव्वा महिना बाळंतिणीला कामाला न लावणे आणि बाहेरच्यांना खोलीत न घेणे, याइतकी शहाणी चाल दुसरी नाही. खोबरेल तेलाची हलक्या हाताची मालिश चांगलीच. बाळ सुखावते, आईबापाचा हात ओळखू लागते. मात्र नाकात आणि कानात तेल ओतू नये, डोके दाबून गोल करू नये, स्तन पिळू नयेत. पाळणा ठेवा. फडक्याची झोळी मात्र खोल असली तर हनुवटी छातीला टेकून श्वास कोंडतो, म्हणून नजर हवी. बाळाला उताणे निजवावे. उशी आणि जड गोधडी तोंडाजवळ नको.

नाळेला शेण, राख, हळद, तेल काहीच लावू नये. ती कोरडी आणि उघडी राहू द्यावी. आठ-पंधरा दिवसांत आपोआप गळते. डोळ्यांत काजळ नको, काही काजळांत शिसे असते. दृष्ट काढायचीच तर तीट तळपायाला लावा. पाचवी पुजा, बारसे थाटात करा. पण आलेल्या पन्नास पाहुण्यांनी पन्नास पापे घ्यायलाच हवेत असे नाही. बाळाला हात लावण्याआधी साबणाने हात धुणे, आणि सर्दी-खोकला असलेल्याने उंबऱ्यापलीकडूनच तोंड पाहणे, एवढा नियम घरच्या वडीलधाऱ्यांनी घालून द्यावा. सुनेने सांगितले तर वाईटपणा येतो, आजोबांनी सांगितले तर सगळे ऐकतात.

गडचिरोलीने काय दाखवले

आपल्या वणीच्या पलीकडे चंद्रपूर आणि त्याच्या पलीकडे गडचिरोली जिल्हा. तिथे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने १९९५ पासून ३९ गावांत एक प्रयोग केला. गावातल्याच थोडे शिकलेल्या बायकांना 'आरोग्यदूत' म्हणून तयार केले. त्या घरी जाऊन बाळाचे वजन करत, मणी सरकवून श्वास मोजत, ऊब कशी द्यावी, कसे पाजावे ते दाखवत, आणि जंतुसंसर्ग झाला तर वेळेवर औषध देत. आधीच्या काळात तिथे हजार जन्मांमागे ६२ बाळे महिन्याच्या आत दगावत होती. १९९७-९८ मध्ये हा आकडा २५ वर आला. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हे प्रसिद्ध झाले आणि जगाने त्याची दखल घेतली.

पुढे २०११ पासून देशभर आशाताईंकडे हेच काम आले. दवाखान्यात बाळंतपण झाले असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी आशाताईने घरी येऊन बाळ पाहायचे असते. घरी जन्म झाला असेल तर पहिल्या दिवशीही. तेव्हा ती दारात आली की "सगळं ठीक हाये" म्हणून परत पाठवू नका. आत बोलवा, बाळ दाखवा, वजन करायला लावा. लेक माहेरी आली असेल तर माहेरच्या आशाताईला आधीच नाव कळवा.

थांबू नये अशा खुणा

पुढीलपैकी एकही खूण दिसली तर देवाला नवस बोलावा, पण गाडीत बसल्यावर बोलावा:

– बाळ दूध ओढत नाही, किंवा नेहमीचे पिणारे एकदम पिणे सोडते
– हातपाय ढिले पडतात, रडणे क्षीण होते, उठवूनही जागे होत नाही
– पोट गार लागते, किंवा अंग तापते
– निजलेले असताना मिनिटाला साठ किंवा अधिक श्वास, किंवा श्वास घेताना छाती खाली आत ओढली जाते
– झटके येतात
– पहिल्याच दिवशी पिवळेपणा, किंवा नंतर तळहात-तळपाय पिवळे होणे
– नाळेतून पू, किंवा भोवताली लाली

पिवळेपणा पुष्कळ बाळांना दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी थोडा येतो आणि जातो. वाढला तर मात्र उन्हात ठेवून बरा होत नाही, दवाखान्यातच उपचार लागतात. पोट फुगले म्हणून चटके देणे तर सरळ गुन्हा आहे. १०८ किंवा १०२ नंबरवर फोन करावा. सरकारी दवाखान्यात तान्ह्या बाळाची तपासणी, औषध आणि जाणे-येणे २०११ पासूनच्या योजनेत मोफत आहे. पुसदला उपजिल्हा रुग्णालय आहे, यवतमाळला श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. जाताना वाटेत बाळ आईच्या छातीला बांधलेले असावे आणि पिऊ शकत असेल तर पाजत राहावे. तोडलेला ऊस गव्हाणीत वेळेत पडला नाही तर वजन जाते, उतारा जातो. पुढल्या साली तो भरून काढता येतो. लेकराच्या बाबतीत उशीर भरून काढता येत नाही.

फडातले लेकरू

आता एक शेवटची गोष्ट, आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाची. आपल्या उसाची तोडणी करणाऱ्या टोळीतही बाळंतिणी असतात. दिवस भरलेली बाई कोयता घेऊन येते, खोपीत बाळंत होते आणि पोटासाठी लवकरच पुन्हा मोळी उचलते. लेकरू पाचटावर, फडक्यावर निजलेले. पहाटे दव, दुपारी ऊन, आणि जवळच ट्रॅक्टरची ट्रॉली मागे घेतलेली. आपल्याच जिल्ह्यातूनही कितीतरी कुटुंबे अशीच कोयता घेऊन परमुलखात जातात. तिथले शेतकरी त्यांच्या लेकरांशी जसे वागावेत असे आपल्याला वाटते, तसे आपण इथे वागावे.

सभासदाला यात करता येण्याजोगे थोडेच आहे, पण ते मोलाचे आहे. टोळी उतरली की तिच्यात गरोदर बाई किंवा तान्हे बाळ आहे का ते मुकादमाला विचारा आणि गावच्या आशाताईला व अंगणवाडीला कळवा. बाहेरगावची असली म्हणून तिचा हक्क जात नाही. माता-बालक कार्ड तिने जवळ बाळगावे म्हणजे जन्मावेळचे आणि दीड महिन्याचे डोस चुकत नाहीत. खोपीसाठी कोरडी, उंच जागा आणि पिण्याचे चांगले पाणी द्या. जुनी ताडपत्री, धुतलेले लुगडे, दोन टोपडी घरात पडून असतात, ती द्या. बाळंतिणीला पाजायला मध्ये उठू द्या. अर्ध्या तासाने गाडी अडत नाही. आणि ट्रॉली मागे घेण्याआधी पाचटात लेकरू निजले नाही ना, हे चालकाने खाली उतरून पाहिलेच पाहिजे.

आपल्या घरातले बाळ आणि आपल्या बांधावरचे बाळ, दोघांच्या गरजा सारख्याच आहेत: आईची छाती, आईचे दूध, धुतलेले हात आणि वेळेवर मिळालेला दवाखाना. यांपैकी पहिल्या दोन आई देते. उरलेल्या दोन देणे आपल्या हातात आहे. या हंगामात ज्या सभासदाच्या घरी पाळणा हलला असेल त्याचे अभिनंदन. त्याने आज घरी गेल्यावर आधी हात धुवावेत, आणि मग बाळाचे पोट व तळपाय पाहावेत.